म्हसोबापासून वीतभर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, शब्द द्यायची सवय नाही. दिला की पाळावा लागतो, म्हणून ते देतच नाहीत. ‘देखू’ म्हणजे बघू आणि ‘व्हई जाई’ म्हणजे होऊन जाईल, एवढ्या भांडवलावर त्यांनी शेती केली, दोन मुलं वाढवली आणि धुळ्याच्या एका शाळेत भूमिती शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मुलगी दिली. त्या वेळी त्यांनी होकार असा दिलाच नव्हता. त्यांनी नकार दिला नाही, तेवढ्यावर आम्ही पत्रिका छापून घेतल्या.

अशा माणसाने जन्मात एकदा चारचौघांत शब्द दिला आणि तो नेमका अंगाशी आला.

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाचा दिवस होता. जेवणं झाली होती. माझा मेव्हणा सुरतेला असतो. तिथे त्याचा पाचव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, आणि आबांसाठी एक खोली त्याने रंग देऊन तयार ठेवली आहे. पारोळ्याजवळच्या त्या गावात म्हातारा एकटा भाकरी थापतो, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. त्या दिवशी त्याने पंगतीतल्या सगळ्यांसमोर आबांना पकडलं आणि कधी येणार ते सांगा म्हणून हट्टच धरला. ‘देखू’ चाललं नाही. ‘व्हई जाई’ चाललं नाही. शेवटी आबा वैतागून म्हणाले, “ज्या दिन हाऊ दरवाजा पडी, त्या दिन मी सुरतले येसू.”

दरवाजा म्हणजे गावदरवाजा. काळ्या दगडाचा, टोकदार कमानीचा. गावाचा तट कधीच लोकांच्या घरांच्या भिंतींत गडप झाला, पण दरवाजा आहे तिथेच आहे. सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा येतो असं म्हणायच्या ऐवजी आबांनी दरवाजाचं नाव घेतलं, एवढंच. पंगत हसली. आबांनी सुपारी कातरायला घेतली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत रस्त्याच्या पाहणीसाठी तालुक्याहून एक तरुण इंजिनिअर गावात आला. त्याने दरवाजाचा मोबाइलवर फोटो काढला, फोटोवर बोटाने एक उभी रेघ ओढली आणि जमलेल्यांना दाखवली. कमानीचा शेंडा मधोमध नव्हता. वीतभराहून जास्त उजवीकडे गेला होता. डावी बाजू खाली बसलेली दिसते, असं तो म्हणाला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी परत येतो, नीट बघतो, पण तसं असेल तर दरवाजा उतरवावा लागेल. तोपर्यंत खाली कोणी बसू नये.

आता त्या दरवाजाखाली बसण्याशिवाय आबांना आणि त्यांच्या मित्रांना दुसरा उद्योग नाही. आत दोन्ही बाजूंना दगडी ओटे आहेत. वैशाखात सगळा खानदेश तव्यासारखा तापलेला असतो, तेव्हा त्या ओट्यांवर माठातल्यासारखा गारवा असतो. इंजिनिअर सांगून गेला तरी मंडळी बसायची काही थांबली नाही. फरक इतकाच पडला की जन्मभर रस्त्याकडे बघत बसलेले म्हातारे आता वर बघत बसू लागले. दोघांची मान धरली.

आणि आबांनी आवराआवर सुरू केली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं त्यांचं. दरवाजा पडला की सुरत. शब्द म्हणजे शब्द. आम्ही आखाजीच्या दोन दिवस आधी पोचलो, तेव्हा त्यांची पिशवी खुंटीला भरून टांगलेली होती आणि घरच्या शेळीसाठी ते नवा मालक शोधत होते. शेजारचे तिघे त्यांनी बघून ठेवले होते आणि तिघांनाही नापास केलं होतं. एक जण तिला ओरडतो, दुसऱ्याच्या अंगणात सावली नाही आणि तिसऱ्याची बायको कडबा मोजून टाकते. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण शेळीच्या पाठीवरचा हात त्यांनी काढला नाही.

बायको मला माजघरात घेऊन गेली आणि दार लोटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने दार लोटलं की मी अजून आपोआप दोन्ही हात मागे बांधतो.

“जन्मभर पोरांना सांगता, भूमितीचा आयुष्यात फार उपयोग असतो,” ती म्हणाली. “एकदा करून दाखवा.”

मी तिला समजावून सांगितलं की मी मास्तर आहे, गवंडी नाही. तिने ते ऐकलं नाही. पण बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला. टोकदार कमान म्हणजे दोन वर्तुळांचे दोन तुकडे एकमेकांना टेकवलेले. जुन्या माणसांकडे यंत्रं कुठली. जमिनीवर खुंटी ठोकायची, तिला दोर बांधायचा, ताणून फिरवायचा आणि पडलेल्या रेघेबरहुकूम दगड घडवायचे. म्हणजे प्रत्येक तुकड्याला त्याची खुंटी असणार. कमान जर बांधतानाच वाकडी बांधली असेल, तर ती वाकडी असली तरी तिच्या खुंट्या सापडतील. पण दगड घसरून ती बसली असेल, तर तो आकार कुठल्याच वर्तुळाचा राहणार नाही. खचलेल्या कमानीला केंद्र नसतं. केंद्र सापडलं की आबा वाचले.

हे मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने नुसतं ‘मग?’ म्हटलं. वर्गात मला याहून जास्त दाद मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं तापायच्या आत, आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि सुरतेहून सणाला आलेला मेव्हणा. यात गंमत अशी की दरवाजा खचलेला ठरला तर मेव्हणा जिंकणार होता. तरीही शिडीवर चढायला दुसरं कोणी नव्हतं, आणि त्याला सांगितलेलं काम मन लावून करायची वाईट खोड आहे. तो वर चढला. कमानीच्या खालच्या कडेपासून ओळंबा सोडून एकेका हातावर उंची मोजून सांगत गेला आणि मी ती मापं जमिनीवर उतरवत गेलो. दरवाजासमोर तेवढीच एक फरसबंद सपाट जागा आहे. पुढे लगेच उतार लागतो. फरशीवर मी दरवाजाएवढी रुंद रेघ आखली आणि प्रत्येक मापाच्या जागी एक खूण ठेवली. खुणेला काय ठेवावं हा प्रश्न होता. गावात त्या दिवसांत रग्गड असलेली गोष्ट एकच, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या. म्हणून कैऱ्या ठेवल्या. बघता बघता फरशीवर कैऱ्यांची आख्खी कमान आडवी झाली.

ओट्यावरची म्हातारी मंडळी हे सगळं अतिशय गांभीर्याने बघत होती. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे त्यांनी ऐकलं होतं. तो कैऱ्या मांडतो हे त्यांना नवीन होतं.

दोर मोठा लागणार होता. तेवढा लांब दोर गावात एकच मोकळा होता, तोही मोकळा नव्हता. निंबाला आखाजीचा झोका बांधलेला होता आणि माहेरी आलेल्या साऱ्या पोरी आळीपाळीने त्याच्यावर बसत होत्या. माझ्या बायकोने भर गाण्यात झोका सोडवून आणला. त्या पोरींनी मला ज्या नजरेने बघितलं, ती मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी बघितली आहे.

सुरुवात मी पुस्तकाप्रमाणे केली. दोन खुणा जोडायच्या, त्या रेघेच्या मध्यावर लंब काढायचा, असे दोन-तीन लंब जिथे एकमेकांना छेदतात तिथे केंद्र. फळ्यावर हे इतकं सुरेख येतं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. इथे एक छेद गटारात पडला, दुसरा दरवाजासमोरच्या म्हसोबापाशी आणि तिसरा आबा बसले होते त्या ओट्याच्या खाली. बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, असं मी वर्गात घसा कोरडा करून सांगतो. कैरीला दोन्ही असतं. त्यात मी लंब तपासत असताना आबांच्या शेळीने डाव्या बाजूचा एक बिंदू खाऊन टाकला. मेव्हण्याला परत शिडीवर चढवावं लागलं.

नाचता येईना, अंगण वाकडं, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. मी मागे वळून बघितलं नाही, कारण तो आवाज मला घरचा वाटला.

मग मी पुस्तक सोडलं आणि सरळ खुंटी घेतली. उजव्या तुकड्याची खुंटी डावीकडे येते आणि डाव्याची उजवीकडे. हे मंडळींना पटवण्यात थोडा वेळ गेला. आधी उजवा तुकडा घेतला. पायाच्या रेघेवर एक जागा, दुसरी जागा, अशी खुंटी सरकवत गेलो आणि रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाला दोर असा फिरला की उजवीकडची एकूण एक कैरी त्याला चाटून गेली. मला इतका आनंद झाला की मी मेव्हण्याशी हात मिळवला. तोही हसला. मग त्याच्या लक्षात आलं असावं की आपण कोणत्या बाजूचे आहोत, आणि त्याने हात सोडवून घेतला.

राहिली डावी बाजू, जी बसली आहे म्हणत होते ती. तिची खुंटी उजवीकडे, तेवढ्याच अंतरावर यायला हवी. मी माप घेतलं. ती जागा बरोबर म्हसोबाखाली होती.

आमचा म्हसोबा दरवाजाच्या तोंडाशीच आहे. मधोमध नाही, थोडा उजवीकडे. गुडघ्याएवढा दगड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. बैलगाडी, ट्रॅक्टर, नवरदेवाचा घोडा, सगळं त्याच्या डावीकडून जातं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कमानीचा शेंडा उजवीकडे झुकला आहे, हेही गावाला पूर्वीपासून ठाऊक आहे. दरवाजा देवाला मान लववतो, असं म्हणतात. इंजिनिअरने फोटोवर रेघ ओढून जे दाखवलं, ते गाव लहान मुलांना गोष्टीत सांगतं.

खुंटी ठोकता येत नव्हती म्हणून मी दोराचं टोक म्हसोबाच्या डोक्यावर अधांतरी धरलं. मेव्हण्याने दुसरं टोक ताणून फिरवलं. शेंड्याकडच्या कैऱ्या दोराच्या वीतभर आत राहिल्या. आम्ही परत फिरवलं. परत तेच. आत राहिल्या म्हणजे कमान असायला हवी त्याहून खाली. ओट्यावरून आबा ओरडले की पोरगा दोर ढिला सोडतोय, त्याला बापाला न्यायची घाई झाली आहे. पण दोर ढिला नव्हता. मेव्हण्याच्या हातावर वळ उठले होते.

“डावी बाजू बसेल शे, दाजी,” तो हळूच म्हणाला. जिंकलेल्या माणसासारखा तो अजिबात दिसत नव्हता.

आबांनी ऐकलं. शेळीला जवळ ओढून तिच्या कानामागे खाजवत बसले. मग तिसऱ्या शेजाऱ्याचंच नाव काढून म्हणाले की त्याची बायको कडबा मोजते खरी, पण पाणी वेळेवर पाजते.

ते ऐकून माझा पारा चढला. माझा राग नेहमी चुकीच्या जागी निघतो, तसा तो म्हसोबावर निघाला. मी म्हणालो, हातात अधांतरी धरलेला दोर हलतो, त्यावर निकाल लावता येत नाही. खुंटी जिथल्या तिथे पक्की हवी. देव घटकाभर बाजूला ठेवा, मी स्वतः आंघोळ करून परत बसवतो.

तेवढ्यात ओट्यावरचे सगळ्यांत वयस्कर आजोबा, ज्यांना उभं राहायला एरवी दोघांची मदत लागते, ते एकटे उठले आणि म्हसोबापुढे येऊन काठी आडवी धरून उभे राहिले. “तठे नही, बापू. तठे देव शे.”

मी भूमिती समजावून सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यात आबांची भर. “वीतभर सरकी ल्या ना. आठे भोक शेच.”

भोक होतं खरं. म्हसोबाच्या डाव्या अंगाला, वीतभरावर, फरशीत एक गोल भोक. त्यात गावातल्या बायका उदबत्त्या खोचतात. सासूबाई रोज खोचायच्या, मी पाहिलेलं आहे. मी आबांना सांगितलं की भूमिती म्हणजे एसटीतली सीट नव्हे, जरा सरकून घ्या म्हणायला. केंद्र एकतर केंद्र असतं, नाहीतर नसतं. आबा म्हणाले, बरं. आजोबांनी काठी हलवली नाही.

वाद संपावा आणि चहा मिळावा, एवढ्याच उद्देशाने मी उदबत्त्यांच्या काड्या काढल्या, भोकातली राख बोटाने उकरली आणि त्यात खुंटी ठोकली. ती पुरणात बोट शिरावं तशी आत गेली, आणि पार खाली जाऊन घट्ट बसली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दोर मुद्दाम कमानीच्या डाव्या पायापर्यंत नव्याने मापून घेतला, म्हणजे नंतर कोणी बोल लावायला नको. मेव्हण्याने ताणला आणि पायापासून वर चालू लागला.

दोर पहिल्या कैरीला लागला. दुसऱ्या कैरीला लागला. शेळीने खाल्लेल्या बिंदूच्या जागी ठेवलेल्या नव्या कैरीला लागला. मेव्हण्याची चाल हळू होत गेली. शेंड्याची शेवटची कैरी दोराने अलगद हलली आणि घरंगळून माझ्या पायाशी आली.

मी मटकन खाली बसलो. डावी बाजू बसलेली नव्हती. तिला तिचं केंद्र होतं. ते फक्त असायला हवं होतं तिथून वीतभर सरकलेलं होतं, आणि ते भोक उदबत्त्यांसाठी कोणी पाडलेलं नव्हतं. कोणा जुन्या गवंड्याने इथेच रेघ आखली, इथेच दोर धरला आणि खुंटी ठोकायला वाकला, तेव्हा त्या वेळचे आजोबा काठी आडवी धरून उभे राहिले असणार. त्यानेही चार शब्द ऐकवले असतील. मग चहाऐवजी त्या काळी जे काही मिळत असेल त्यासाठी तो वीतभर सरकला. खुंटी वीतभर सरकली, दोर आखूड झाला, शेंडा उजवीकडे गेला आणि गावाने गोष्ट रचली. हे मी कुठे सिद्ध करू शकणार नाही. पण ते भोक मी बोटाने उकरलं आहे.

दुसऱ्या खुंटीचं भोकही असेल म्हणून डावीकडे शोधलं. ती फरशी नळाच्या चरात कधीच फुटून गेली होती. हळहळ वाटली, पण जास्त नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. मी भीत होतो, पण पोरगा सरळ निघाला. त्याने दोर स्वतः फिरवून पाहिला. मग योगायोग असू शकतो म्हणून स्वतः शिडीवर चढला आणि डावीकडचा प्रत्येक सांधा जवळून बघितला. बसलेल्या कमानीचे सांधे कुठेतरी उघडतात, म्हणाला, हे सगळे मिटलेले आहेत आणि सगळ्यांचा रोख त्या खुंटीकडे आहे. वरचा पिंपळाचा कोंब तेवढा काढून टाका, मुळं दगड फोडतील. बाकी दरवाजाला हात लावायचं कारण नाही. जाताना त्याने विचारलं की ही पद्धत कोणत्या पुस्तकात आहे. मी म्हसोबाकडे बोट दाखवलं.

खुंटी मात्र निघाली नाही. मी ओढली, मेव्हण्याने ओढली, शेवटी दोघांनी मिळून ओढली. एका बाईने उदबत्ती लावायला येऊन भोक शोधलं, ते सापडलं नाही, म्हणून तिने खुंटीलाच कुंकू लावलं आणि पाया पडली. आम्ही निघायच्या वेळेपर्यंत खुंटीवर फूलही आलं होतं. पुढे कधी कोणी मास्तर इथे दोर घेऊन आला, तर त्याला आणखी वीतभर सरकावं लागणार.

संध्याकाळी मेव्हणा आणि मी आबांच्या शेजारी ओट्यावर बसलो. आबांनी पिशवी रिकामी केली होती. शेळी पायाशी कैरीची कोय चघळत होती. मेव्हणा बराच वेळ वर कमानीकडे बघत राहिला. ज्या कमानीने बाप नेऊ दिला नाही, ती त्याने स्वतःच्या हाताने मापून दिली होती. सुरतेतली ती रंगवलेली खोली माझ्याही डोळ्यांपुढे आली आणि मला त्याच्याकडे बघवेना.

“मंग आते कव्हय, आबा?” त्याने विचारलं.

आबांनी या वेळी घाई केली नाही. एकदा फसलेला माणूस. कधीच घडणार नाही अशी काहीतरी गोष्ट त्यांना हवी होती. त्यांनी वर कमानीकडे बघितलं आणि मान हलवली. म्हसोबाकडे बघितलं. शेळीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. लग्नापासून आजवर त्यांनी मला चांगलं म्हटलेलं नाही, वाईटही म्हटलेलं नाही.

“जवाईबापूनं गणित ज्या दिन चुकी,” ते म्हणाले, “त्या दिन येसू.”

तेव्हापासून मी फळ्यावर साधी बेरीजसुद्धा दोनदा तपासतो. मुलं हसतात.